पाठ झालेली साक्ष

सुदर्शन बनकर अदालत रोडला, कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसतो. शपथपत्रं, अर्ज, फिर्यादी टाइप करून देतो. पक्षकार रडत सांगतो, सुदर्शन मान खाली घालून ऐकतो आणि कागदावर रडणं सोडून बाकी सगळं येतं. वकिलांना तो म्हणूनच आवडतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याची बायको अपेक्षा हिनं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. पुण्याच्या एका प्रकाशनाची पहिल्या कादंबरीसाठी योजना होती. आराखडा आणि सुरुवातीची प्रकरणं महिनाअखेरपर्यंत पाठवायची होती. अट एकच, लेखक चाळिशीच्या आतला हवा.

"पुढच्या महिन्यात तुम्ही म्हातारे," अपेक्षा म्हणाली. "दहा वर्षं ऐकतेय, लिहिणार, लिहिणार. आता लिहा तरी, नाहीतर बोलू तरी नका."

काय लिहायचं हे ठरलेलं होतं. त्याची धाकटी बहीण तनुजा फर्दापूरजवळच्या एका गावात दिली होती. लग्नाला दोन वर्षं होत असताना ती सासरच्या विहिरीत सापडली. चार वर्षांनी खटला उभा राहिला आणि नवरा, सासू दोघं सुटले. तनुजा नेमकी कोण होती, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते लिहायचं होतं.

सुदर्शननं टेबल शेजारच्या टायपिस्टकडे सोपवलं आणि गारखेड्यातल्या घराच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत लॅपटॉप मांडला. विहिरीवरची गर्दी, पंचनामा, पोलीस ठाण्यातला बाक, कोर्टातल्या तारखा हे सगळं भराभर लिहून झालं. पण पहिल्या प्रकरणात जिवंत तनुजा यायला हवी होती आणि तिथं त्याचा हात थांबला. बारावीनंतर तो शहरात आला तेव्हा ती पहिलीत होती. पुढं भेट दिवाळीपुरती. ती कशी हसायची, कशावर रुसायची, त्याला सांगता येईना.

सांगू शकणारी एकच व्यक्ती घरात होती, त्याची आई आशाबाई. त्यानं तिला समोर बसवलं.

"आई, तनू कशी होती गं?"

आशाबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि हात मांडीवर ठेवले.

"तनुजा ही माझी मुलगी. लग्नानंतर पहिले सहा महिने ती नीट नांदली. नंतर नवरा व सासू तिला घालूनपाडून बोलू लागले. ती दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिनं मला रडून सांगितलं. ती फक्त मलाच सांगत असे."

"हे नको. आपल्या बोलण्यातलं सांग."

"मंग काय बोलले मी? काय चुकलं व्हय?"

काहीच चुकलं नव्हतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. खटल्याच्या वेळी हे त्यानंच पाठ करून घेतलं होतं. पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांत तफावत पडली की उलटतपासणीत माणूस उघडा पडतो, हे तो रोज फाटकाबाहेर बघत होता. तारखा पडत गेल्या, त्या सगळ्या काळात रोज सकाळी चहाच्या आधी तो वकील व्हायचा आणि आई साक्षीदार. ती मधेच म्हणायची, "तिला लहानपणी..." की तो थांबवायचा. "ते मदी आणू नको. इचारलं तेवढंच." आशाबाई शिकल्या. कोर्टात त्यांची साक्ष कुठंही फुटली नाही. पण आईखेरीज मुलीनं कुणाला काही सांगितल्याचा पुरावा नाही, असं निकालात आलं.

"तुम्हीच गिरवून घेतलंय," अपेक्षा म्हणाली. "आता पुसून दाखवा."

त्यानं प्रयत्न केला. जुने फोटो काढले. आशाबाई फोटो बघून म्हणाल्या, "ही तनुजाच आहे. मी तिला ओळखते."

मग तो त्यांना घेऊन सोयगाव तालुक्यातल्या आपल्या गावी गेला. चुलती भागूबाई ओट्यावर भुईमूग फोडत बसली होती. तनूचं नाव काढताच तिला हसू आलं.

"लई वात्रट पोरगी. दिवाळीला आली तं सासूची नक्कल करून दाखवायची. असं कमरंवर हात ठिवून. हसता हसता मंग रडायची. मला समदं सांगायची ती."

सुदर्शन सावरून बसला. "काकू, हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलं व्हतं मला?"

"तसं काही नाही," आशाबाई मधेच म्हणाल्या. आवाज कोर्टातला होता. "ती फक्त मलाच सांगत असे."

भागूबाईनं एकदा जावेकडे पाहिलं आणि शेंगा पुढं ओढल्या. "आशाबाई म्हणती तसं आसंल. माझ्या कुठं ध्यानात ऱ्हातंय आता." त्यानंतर सुदर्शननं बरंच विचारलं. ती पावसाबद्दल बोलत राहिली.

शेवटचा दिवस रविवार होता. संध्याकाळपर्यंत मजकूर पाठवायचा होता. फाइलमध्ये पंचनामा होता, कोर्ट होतं, पहिलं प्रकरण नव्हतं. दुपारी सगळे जेवायला बसले. अपेक्षानं भरली वांगी केली होती. आशाबाईंनी ताटातलं वांगं उचललं, देठ मोडला आणि ताटाच्या डाव्या कडेला ठेवला.

"तनीला देठ लागायचा," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "गुरागत चघळत बसायची. बापानं दम दिला तं देठ घिऊन पळाली व्हती हौदाकडं, अन् तिथून..."

अपेक्षाचा हात पोळीवर थांबला. सुदर्शननं डाव्या हातानं मोबाइल जवळ ओढला, आवाज टिपायला.

आशाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी खरकटा हात ताटात झटकला, डाव्या हातानं पदर डोक्यावरून पुढं घेतला आणि ताठ बसल्या.

"तनुजा ही माझी मुलगी."

"आई, हौदाकडं पळाली, मग?"

"लग्नानंतर पहिले सहा महिने ती नीट नांदली."

सुदर्शननं मोबाइल पालथा ठेवला. पुढचं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे थांबवलं की त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं. म्हणून झाल्यावर आशाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"बरोबर आलं का रे?"

"बरोबर आलं," तो म्हणाला. "जेव आता."

मजकूर गेला नाही. सोमवारी सकाळी त्यानं अदालत रोडला पुन्हा टेबल लावलं.