दहावी गोळी

बशीरचाचांच्या दहाव्या गोळीला मी लाल झेंडी दाखवली, ती चुकीची होती. गोळी निशाणाला लागली होती. हे मला त्याच दुपारी कळलं आणि पुढची अकरा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. चाचा गेले त्याला आता दोन महिने होत आले. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल. आधी दुसरं काही लिहिलं, तर पुढचं सगळं खोटं होईल.

बातमी आली तेव्हा मी एमआयडीसीत कामावर होतो. आमच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग तयार होतात आणि ते मापात आहेत की नाहीत हे तपासण्याची नोकरी मी गेली पंचवीस वर्षं करतो आहे. आमच्या नेमबाजीच्या क्लबच्या ग्रुपवर निमसे सरांचा एका ओळीचा मेसेज होता, चाचा सकाळी गेले, दफन दुपारच्या नमाजनंतर. मी मोबाईल खिशात ठेवला, समोरच्या ट्रेमधले उरलेले भाग तपासून संपवले आणि मग साहेबांना सांगून निघालो. भिंगारच्या कब्रस्तानात इतरांप्रमाणे मीही तीन ओंजळी माती टाकली. शेजारी उभे असलेले निमसे सर रडत होते. मला फक्त माती फार कोरडी आहे एवढं जाणवलं. संध्याकाळी सावेडीला घरी येऊन नेहमीइतकंच जेवलो. बायकोनं विचारलं, ठीक आहात ना? मी हो म्हणालो, आणि तसा मी ठीकच होतो. अजूनही साधारण तसंच चाललं आहे...

चाचा म्हणजे बशीर तांबोळी. मूळचे पाथर्डीकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि भिंगारला घर करून राहिले. नगरबाहेर टेकडीच्या पायथ्याशी आमच्या नेमबाजांच्या क्लबची रेंज आहे. क्लबकडे सरकारी परवानगीनं मिळालेल्या सहा जुन्या थ्री नॉट थ्री रायफली आहेत, आमच्यापैकी कुणाच्याही जन्माच्या आधीच्या. त्यांना दुर्बीण नाही. मागच्या पट्टीतलं बारीक भोक आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खुंट, एवढ्याच्या जोरावर पाचशे यार्डांवरचा काळा गोल गाठायचा. मी तिथं गेलो तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, टीव्हीवर नेमबाजी पाहून हुरळलेला. चाचांनी मला तीन महिने एकही गोळी दिली नाही. पालथं झोपवायचे, रिकाम्या रायफलच्या नळीवर काडेपेटी ठेवायचे आणि ट्रिगर दाबायला लावायचे. काडेपेटी पडली की पुन्हा पहिल्यापासून. मी डावा डोळा मिटायचो, तर म्हणायचे, "देवानं दोन दिलेत ना, इन्स्पेक्टर? मग एकाला सुट्टी कशापायी?" मी तपासणी विभागात आहे हे कळल्यापासून त्यांनी माझं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं. विलास अशी हाक त्यांनी मला कधी मारल्याचं आठवत नाही.

त्यांच्या मोपेडला कायम एक मोठा थर्मास अडकवलेला असे. पहिल्याच रविवारी मी त्यांना चहा मागितला, तर सगळे हसले. थर्मासात उकळतं पाणी होतं. जुन्या काडतुसांच्या दारूचा क्षार नळीत राहिला तर नळी गंजते, म्हणून नेमबाजी संपली की ते नळीतून गरम पाणी ओतायचे. "आधी हिचा चहा, मग आपला," म्हणायचे. मग चाचींनी दिलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा निघायचा आणि सगळ्यांना वाटला जायचा. वारा वाचायला त्यांनीच शिकवलं. चांदबिबीच्या महालाकडून येणारा वारा वेगळा आणि दौंडकडून येणारा वेगळा, हे ते कुसळी गवताकडे पाहून सांगायचे. आणि सगळ्यात अवघड गोष्टही त्यांनीच शिकवली. नजर माशीवर ठेवायची, निशाण पुसट दिसलं तरी चालेल. मला ते पटायला वर्ष लागलं. जिथं गोळी मारायची तेच पुसट ठेवायचं, हे तपासणीची सवय लागलेल्या माणसाला कसं पटावं?

सत्तरी जवळ आली तसा त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला आणि तो सगळ्यांसमोर बोलून दाखवला. फौजेत असताना त्यांनी नजर गेलेली, तरी हट्टानं मैदानावर येणारी माणसं पाहिली होती. "गोळी काळ्याबाहेर गेली तर वाऱ्याला शिव्या घालीन," ते म्हणाले होते, "पर निशाणाच्या सहा फुटी फ्रेमच्याच बाहेर गेली, तर त्या दिवशी रायफल खाली. आपली गोळी कुठं गेली ते ज्याला ठावं न्हाई, त्यानं हितं झोपू नये." निमसे सर आमचे सचिव, शाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, चाचा, तुमची गोळी फ्रेमबाहेर जायला अजून वीस वर्षं आहेत. चाचा म्हणाले, "मग नव्वदीला सरांनाच बिस्तरा आणि रायफल वाहून आणायला लावीन."

त्या वर्षीचा पाचशे यार्डांचा सामना जानेवारीत होता. निशाणं ज्या खंदकावर उभी असतात, त्या खंदकात प्रत्येक निशाणाला एक माणूस असतो. गोळीचा आवाज आला की त्यानं मागच्या मातीच्या बांधावर धूळ कुठं उडाली ते पाहायचं, फ्रेम खाली ओढायची, भोक शोधायचं, त्यावर खळीनं कागदाचा तुकडा चिकटवायचा, फ्रेम वर करायची आणि काठीवरच्या चकतीनं भोकाची जागा दाखवायची. भोक नसेल तर लाल झेंडी. नेम धरणाऱ्याला पाचशे यार्डांवरून स्वतःचं भोक दिसत नाही. खंदकातला माणूस दाखवील तेच त्याच्यासाठी खरं असतं. चाचा चार नंबरच्या निशाणावर होते आणि त्यांनी निमसे सरांना सांगून चार नंबरच्या खंदकात मला मागून घेतलं होतं.

खंदकात मोबाईल न्यायचा नाही हा चाचांचाच नियम. माझ्या खिशात मोबाईल होता. नऊ गोळ्या मी नीट पाहिल्या. नऊच्या नऊ काळ्यात होत्या. दहाव्या गोळीच्या वेळी मी शाळेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आलेला एक विनोद वाचत होतो. कोणता होता ते आज आठवत नाही. आवाज ऐकला, मान वर केली, तोवर धूळ बसली होती. फ्रेम खाली ओढली. काळ्यात माझे नऊ तुकडे, ओले, एकाला एक लागून. दहावं भोक दिसेना. आता मागे पाहण्यात अर्थ नव्हता. मी लाल झेंडी हलवली.

खंदकातला हातानं फिरवायचा टेलिफोन वाजला. निमसे सर विचारत होते, चाचांची दहावी लाल आहे का, नीट पाहिलंस का. मी म्हणालो, पाहिलं. शंका असेल तर नेमबाजाला फेरतपासणी मागता येते. सर चाचांना तेच विचारत असावेत, कारण मागून चाचांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "फोन ठेवा, सर. खंदकात आपला इन्स्पेक्टर हाय. त्यानं लाल दाखवली म्हंजे लालच."

सामना संपल्यावर फ्रेमवरून कागद उतरवताना तो उन्हासमोर आला. एका तुकड्याच्या कडेला उजेडाचा टिपका होता. गोळी त्या ताज्या तुकड्याच्या कडेतून गेली होती आणि खळीनं ओला झालेला कागद पुन्हा मिटला होता. आता तो वाळून उघडला होता. मी बोट लावून पाहिलं. चाचांची दहावी गोळी काळ्यातच होती... वापरलेले कागद आम्ही जाळतो. मी हा कागद घडी करून ढिगात खाली सारला आणि ढीग पेटेपर्यंत तिथं थांबलो.

पाचशे यार्ड चालत परत येताना बोलता आलं असतं. वर पोचलो तेव्हा चाचांचं नळीला पाणी पाजून झालं होतं. ते चिडलेले नव्हते. त्यांनी ती तीन नंबरची रायफल, जी तोवर क्लबात त्यांच्याशिवाय कुणी वापरली नव्हती, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता ही तू चालव. माशी जरा उजवीकडं बघती, तेवढं सांभाळ." मी ती घेतली. क्लबच्या संघातली त्यांची जागाही पुढच्या वर्षी मला मिळाली. हे इथं लिहायलाच हवं. मी नुसता गप्प राहिलो नाही. मी गप्प राहिलो आणि त्यातून मला मिळत गेलं. आधी मोबाईलची लाज होती. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि आता इतक्या उशिरा कसं सांगायचं हेच न सांगण्याचं कारण होऊन बसलं.

चाचा पुन्हा रेंजवर आले नाहीत. मी ईदला आणि अधूनमधून भिंगारला जायचो. त्यांनी मोपेड विकली, नजरेचा भरवसा नाही म्हणून. पेपर नातीकडून वाचून घ्यायला लागले. मी समोर बसून चहा प्यायचो.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी आठ दिवस झाली. किडन्या थकल्या होत्या, दवाखान्यातून घरी आणलं होतं. त्या दिवशी सांगायचंच असं ठरवून मी गेलो होतो. चाची आत होत्या, आम्ही दोघंच. चाचांनी रायफलची चौकशी केली. मग छताकडे पाहत म्हणाले, "इन्स्पेक्टर, एक विचारू का? अकरा वर्सं मनात हाय. ती माझी शेवटची गोळी... धूळ कुठं उडाली हुती रं? डावीकडं का वर?"

मी धूळ पाहिलीच नव्हती. मला तेवढंच सांगायचं होतं. पण मी म्हणालो, "डावीकडं, चाचा."

त्यांनी मान हलवली. "वाटलंच. ट्रिगर दाबायच्या ऐवजी झटक्यानं ओढला असंल मी." उजव्या हाताची तर्जनी चादरीवर ठेवून ते तिच्याकडे पाहत राहिले. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

चाळीस दिवस झाल्यावर मी पुन्हा त्या घरी गेलो. चाचींची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं पाळायचा एकांत, चालू होती, त्या आतल्या खोलीत होत्या आणि दारावर पडदा होता. मुलगी शबाना उंबऱ्याशी बसली होती. मी पडद्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. मोबाईल, झेंडी, जाळलेला कागद, आणि चाचा जाण्याच्या आठ दिवस आधीचं ते डावीकडं. सांगताना माझा आवाज कापला नाही, याचंच मला नवल वाटलं. कारखान्यात एखाद्या भागाचा अहवाल द्यावा तसं मी बोललो.

मग चाची म्हणाल्या, "लागली हुती?"

"हो."

"काळ्यात?"

"काळ्यात, चाची."

शबाना जमिनीकडे पाहत होती. चाची सावकाश बोलू लागल्या. त्या सामन्यानंतर शबाना चाचांना श्रीरामपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, या वयाला इतके चांगले डोळे कमी पाहिलेत, खुशाल गाडी चालवा. "घरी आले तर म्हनले, डॉक्टरचं काय घिऊन बसलीस. त्यानं खोलीत बसून अक्षरं वाचून घेतली. आमच्या इन्स्पेक्टरनं पाचशे यार्डांवर बघितलंय. त्यो कारखान्यात केसाएवढी चूक धरतो. त्यो चुकंल का?"

मला तेव्हाही रडू आलं नाही. मी म्हणालो, चाची, मला माफ करा. पडद्याची कड थोडी हलली, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

"माझी कशाला मागतो," त्या म्हणाल्या. "माझ्यापुढं ते कवाच हरले न्हाईत. ज्या मानसांपुढं रायफल ठिवून खाली मान घालून आले, त्यांना जाऊन सांग."

गेल्या रविवारी मी रेंजवर गेलो. सकाळचे साडेसात असतील. नऊ जण आले होते, त्यांतले पाच त्या सामन्यालाही होते. निमसे सर वहीत नावं लिहीत होते. मी त्यांना म्हणालो, सर, सुरू करण्याआधी मला बोलायचं आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि वही मिटली. मी तीन नंबरची रायफल त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी विचारलं, काय झालं, विलासराव? मला फार शब्द सुचले नाहीत, आणि जे सुचले ते मी आदल्या दिवशी जुळवलेले नव्हते. मी म्हणालो,

"अकरा वर्षांपूर्वी चाचांनी रायफल खाली ठेवली, त्या दिवशी चार नंबरच्या खंदकात मी होतो. त्यांची दहावी गोळी काळ्यात लागली होती. मी मोबाईल बघत होतो. नंतर भोक सापडलं, तो कागद मी जाळला आणि त्यांची रायफल घेतली. मरणाआधी त्यांनी मला विचारलं, तेव्हाही मी खोटं बोललो. चाचांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. चूक माझी होती. मी तुमची सगळ्यांची माफी मागतो... आणि चाचा, तुमची."