काटेकाकांची चौथी शिफ्ट

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. खरं आडनाव होतं काहीतरी, पण ते पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. कागदाच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते, आणि बॉयलरवरचा माणूस म्हणजे प्रेशरच्या काट्याकडे बघत बसणारा माणूस. काटा वर चढला की आच कमी करायची, खाली आला की वाढवायची, मधूनमधून पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर नजर टाकायची. संपलं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? मग बसा की आठ तास, डुलकी न घेता, आणि मग बोला! काकांनी ते नोकरीभर केलं आणि काटा एकदाही लाल रेघेला टेकू दिला नाही. म्हणून काटेकाका.

त्यामुळे बायको आपोआप काटेकाकू झाली. तिला ते मुळीच आवडायचं नाही. "मी कुणाला टोचले?" म्हणायची. पण लोकांनी एकदा नाव ठेवलं की ठेवलं.

निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "काका, आता चौथी शिफ्ट! ना भोंगा, ना गेट!" सगळे हसले, काकाही हसले. कारखान्यात शिफ्टा तीनच, आणि त्या आठवड्याआठवड्याला फिरायच्या. एका आठवड्यात पहाटे जेवायचं, दुसऱ्यात मध्यरात्री. सकाळ आणि संध्याकाळ हा प्रकार काकांना कधी नीट कळलाच नव्हता. त्यांना शिफ्ट कळायची. शिफ्ट सांगा, ते उठणार, झोपणार, जेवणार, दाढी करणार. शिफ्ट नाही म्हटल्यावर काय करायचं, हे त्या हसण्याच्या गडबडीत कुणी सांगितलंच नाही.

त्यात छातीत कफ भरला. इस्पितळात मुक्काम झाला, नळ्या लागल्या, सुटल्या, आणि घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "बाहेर साथ चालू आहे. तुमची फुप्फुसं आधीच धुराने खाल्लीत. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही." काकांनी मान डोलावली. बाईंनी बोट उगारलं. "पण पडून राहायचं नाही हं! घरातल्या घरात हिंडा, हे तीन गोळ्यांचं यंत्र तोंडात धरून श्वासाने गोळ्या वर ओढा, काहीतरी उद्योग करा. लोळत राहिलात तर पुन्हा कफ साठेल, आणि या वेळी परत आलात तर घरी पाठवीनच असं मी लिहून देणार नाही."

हे काकूंनी ऐकलं. काकांनीही ऐकलं, पण काकूंनी ते मनात धरलं आणि काकांच्या डोक्यावरून गेलं, एवढाच फरक.

घरी येऊन काका मागच्या खोलीतल्या पलंगावर आडवे झाले ते झालेच. म्हणजे हट्टाने नव्हे हो. उठायचं त्यांच्या मनात असायचं. ते डोळे उघडायचे, छताकडे बघायचे आणि विचार करायचे, की आता उठायचं. उठून कुठे जायचं? पुढच्या खोलीत. पुढच्या खोलीत जाऊन काय करायचं? खिडकीतून बघायचं. कशाला? इथे गाडं अडायचं. मग ते विचार करकरून इतके दमायचे, की परत डोळा लागायचा. खिडकीतल्या कठड्यावर ते तीन गोळ्यांचं यंत्र धूळ खात पडलं होतं.

लेक दुसऱ्या शहरात. ती रोज फोन करायची. "बाबा, काहीतरी छंद लावून घ्या."

"छंद काय डिंकाने लावतात?"

"बाबा, थट्टा नको. आज चाललात का?"

"चाललो की."

"किती?"

"न्हाणीघरापर्यंत."

मग लेक म्हणायची, "आईला द्या." आणि काकू फोन घेऊन स्वयंपाकघरात जायच्या आणि हळू आवाजात बोलायच्या. काकांना ते ऐकू यायचं. आपल्याविषयी बोलणं चाललंय हे कळायचं, पण आपण नक्की काय चुकतोय ते कळायचं नाही. आपण तर काहीच करत नाही, मग चूक कुठून होईल? असा सरळ हिशेब.

एकदा मात्र कमाल झाली. काका जागे झाले, तर खिडकीत फिकट उजेड. उघड्या दारातून पुढची खिडकी दिसत होती; रस्त्यावरून सायकली चाललेल्या, समोरच्या बेकरीचं शटर अर्धं वर. अंगात बऱ्याच दिवसांनी हुशारी वाटत होती. काका ताडकन उठले. दात घासले. आरशात बघितलं, तर कुणीतरी गबाळा म्हातारा! गरम पाणी घेतलं, साबण फेसाळला आणि गालफडं तुळतुळीत केली. धुतलेला शर्ट चढवला, केसांना पाणी लावून भांग पाडला आणि पुढच्या खोलीत येऊन खुर्चीवर ऐटीत बसले.

"चहा टाक गं!"

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. बघतच राहिल्या. मग लगबगीने आत गेल्या, चहा आणला, सोबत बिस्किटं आणली, आणि पुन्हा आत जाऊन लेकीला फोन लावला. काकांना कुजबुज ऐकू आली, "अगं, दाढी केली! आपणहून! शर्टसुद्धा इस्त्रीचा!" काकांना गंमत वाटली. एवढं काय त्यात? सकाळी माणूस दाढी करतोच.

चहा संपला. काका खिडकीशी गेले. आता उजेड वाढेल, ऊन त्या समोरच्या भिंतीवर येईल. ते वाट बघत राहिले. ऊन येईना. उलट भिंत काळपट होत चालली. बेकरीवाल्याने शटर वर करायचं सोडून खाली ओढलं. मग रस्त्यावरचे दिवे लागले.

काकांनी दिव्यांकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. परत दिव्यांकडे बघितलं.

"अगं, आता सकाळ आहे का?"

"नाही हो. संध्याकाळ."

"मग सांगितलं का नाहीस?"

काकू पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. "तुम्ही दाढी करत होतात. मी कशाला मधे बोलू? म्हटलं, संध्याकाळ तर संध्याकाळ, उठलात हे काय कमी!"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मला वेड्यात काढलंत! दोघी मायलेकींनी मिळून!" ते ओरडले, ओरडता ओरडता खोकला आला, खोकल्याने कंबरेत वाकले. शर्ट काढला, खुर्चीवर फेकला आणि परत पलंगावर. खरं तर राग काकूंवर नव्हताच. भीती वाटली होती. उजेड वाढतोय की कमी होतोय, एवढंही ज्याला कळेना, त्याने उठावं तरी कशाच्या भरवशावर?

त्या दिवसानंतर ते आणखीच मिटले. जेवणाचं ताट पलंगावर जाऊ लागलं. खोकल्यात खरखर वाढली. काकूंनी बोलून बघितलं, रागावून बघितलं, रडूनसुद्धा बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी एका सकाळी त्यांनी पदर खोचला, खोलीच्या दारात ताठ उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "चला. चार्ज द्या."

काकांनी मान वर केली. "काय?"

"रिलीव्हर आलाय म्हणते मी. शिफ्ट संपली तुमची. चार्ज द्या आणि बाहेर या."

आता यातली मेख सांगायला हवी. बॉयलरवर रिवाजच असा, की पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन चार्ज घेत नाही तोवर जागा सोडायची नाही. घरी कुणी जन्मलं असो की कुणी गेलेलं असो, जागा सोडायची नाही. आणि तो नुसता आला म्हणूनही सुटका नाही. त्याने काटा बघायचा, पाण्याची काच बघायची, आणि तोंडाने म्हणायचं, "घेतला." मगच टोपी उचलायची. काकूंना हे नवऱ्याकडून इतक्या वेळा ऐकून पाठ झालं होतं. त्यांना वाटलं, जालीम औषध सापडलं.

काका उठून बसले खरे. पण चिडूनच. "चार्ज घेतेस? काय बघितलंस? काटा बघितलास? पाणी बघितलंस?"

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. पलंग, औषधाच्या बाटल्या, भिंत. "इथे कुठाय काटा?"

"तेच तर म्हणतोय मी!" काकांचा आवाजच फाटला. "इथे काटाच नाही! तिकडे काटा वर गेला की मला कळायचं काय करायचं ते. मी उठायचो तो त्याच्यासाठी. इथे मी उठलो काय, मेलो काय, काय हलणार आहे? मी कशाकडे बघून उठू? तूच सांग!"

काकू हळूच पलंगाच्या कडेला टेकल्या. बाहेर कुणीतरी बादली आपटली. मग काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आता नाटक नव्हतं, "मग मला तरी सोडवा."

"तुला? कशातून?"

"तुमची पहिली शिफ्ट असली की मी उठून डबा करायचे. दुसरी असली की डबा करायचे. तिसरी असली की तुम्हाला पाठवून जागी, आणि परत येणार म्हणून परत जागी. तुम्ही एक शिफ्ट केलीत हो. मी तिन्ही केल्या. तुम्ही रिटायर झालात, हार घातले, फोटो काढला. माझा रिलीव्हर अजून आला नाही."

"तू कधी बोलली नाहीस."

"जागा सोडून कशी बोलणार?"

काकूंनी काकांचे पाय बाजूला सारले, त्यांना कोपराने ढोसून पलंगावरून उठवलं, आणि स्वतः आडव्या झाल्या. चक्क काकांच्या जागेवर! काकांचं पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं, भिंतीकडे तोंड केलं.

"दिला चार्ज," त्या भिंतीला म्हणाल्या. "दूध गॅसवर आहे."

काका अनवाणी उभे. पलंग गेला, पांघरूण गेलं, आता जावं कुठे? "अगं," ते म्हणाले. काकूंनी पांघरूण कानावर ओढलं. "अगं, मी घेतला असं म्हणालो नाहीये!" आणि मग स्वयंपाकघरातून सुंऽऽ असा आवाज आला. तो आवाज मात्र काकांच्या ओळखीचा होता. धाप लागत, भिंतीला हात लावत ते पोहोचले.

दूध अजून उतू गेलं नव्हतं. भांड्यातून नुसती वाफ चालली होती, भसाभसा, फुकट! काकांना ते बघवलं नाही. उघड्या भांड्यातून वाफ वाया घालवायची म्हणजे काय? एवढी वर्षं हिने असंच केलं की काय? शेजारी झाकण दिसलं, त्यांनी ते घट्ट बसवलं, आच थोडी वाढवली आणि समाधानाने मागे सरले.

पुढे काय झालं ते कुठल्याही बाईला सांगायला नको. झाकण उडालं, दूध शेगडीवरून, ओट्यावरून, फरशीवर काकांच्या पायापर्यंत आलं. काकांनी गॅस बंद केला आणि दाराकडे बघितलं. आता ती येणार. "काय केलंत हे!" म्हणत येणार, फडकं घेऊन पुसायला लागणार, आणि आपण परत जाऊन पडू. करपट वास तर घरभर झाला होता. काका वाट बघत राहिले. कुणी आलं नाही.

मग त्यांनीच फडकं शोधलं. ओटा पुसला, ओणवं होऊन फरशी पुसली. दर चार हात पुसले की थांबून श्वास घ्यावा लागत होता. तेवढ्यात फोन वाजला. लेक.

"बाबा? तुम्ही उचललात? आई कुठाय?"

"झोपलीय."

"या वेळी? बरं नाही का तिला?"

"बरी आहे. सुटी झाली तिची."

"म्हणजे? बाबा, तुम्हाला धाप का लागलीय?"

"उभा आहे म्हणून." काकांनी जरा दम घेतला. "हे बघ, इथे बटाटे चिरून ठेवलेत. त्यांचं काय करायचं असतं?"

पलीकडून लेक सांगू लागली, पाणी किती, वेळ किती, मीठ किती. काका प्रत्येक गोष्टीला दोनदा "काय?" म्हणत होते. वेळ किती ते विसरले, पाणी किती तेही विसरले, पण बटाटे पाण्यात पडले. राहिलं मीठ. फळीवर सारख्याच डब्यांची रांग, एकावरही नाव नाही. असणार कसं? जी ते उघडायची तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

काका विचारायला मागच्या खोलीत गेले. काकू उताण्या झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर, केस कपाळावर आलेले. काका दारातच थबकले. कुठल्याही शिफ्टवरून आले तरी दार उघडायला ही जागी, कुठल्याही शिफ्टला निघाले तरी डबा द्यायला ही जागी. ही झोपल्यावर कशी दिसते, हे आपल्याला माहीतच नाही. एवढ्या वर्षांत. हे कसं झालं, हे काकांना काही केल्या कळेना.

त्यांनी दार आवाज न करता लोटलं, स्वयंपाकघरात आले, आणि पहिला डबा उघडून त्यात बोट बुडवून चाखला. साखर होती. त्यांनी दुसरा उघडला.