पर्समधल्या गोळ्या
परवा कपाट आवरताना जुनी पर्स हाती लागली आणि तिच्या अस्तरातून भाजलेल्या माशांचा धुरकट वास आला. नेरूळच्या आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट ठरलं, त्याच आठवड्यात मुलाने लिस्बनहून माझं तिकीट पाठवलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. फ्लॅटचे मूळ कागद घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून याच पर्समधून नेले. तिथे एका रविवारी त्याने मला पिवळ्या ट्रामने टेकडीवर नेलं, निळ्या फरशांच्या भिंती दाखवल्या, आणि दर दहा पावलांवर ‘आई, दमलीस का?’ म्हणून विचारत राहिला. एवढी माया कशासाठी, आता फ्लॅट नावावर करायच्या सहीचा विषय काढणार, असं मनात म्हणत मी पर्स काखेत आवळून चालत होते. नदीकाठच्या टपरीवर निखाऱ्यावर भाजलेल्या तारल्या मिळाल्या. त्याने माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून दिले, मला तेही खटकलं. पण तारली अशी चवदार, की पर्स बाकावरच राहिली. ट्रामच्या थांब्यावर आठवलं आणि मी रडकुंडीला आले. तो धावत गेला, घामाघूम होऊन पर्स घेऊन आला. चेन बंदच होती. “एवढं काय आहे गं यात?” “गोळ्या आहेत माझ्या.” त्याने पर्स माझ्या हातात दिली. सहीचा विषय त्याने तेव्हाही काढला नाही, नंतरही नाही. फक्त अजून दर रविवारी फोन ठेवताना विचारतो, “आई, गोळ्या नीट ठेवल्यास ना?” मी कधीच कसली गोळी घेत नाही, हे त्याला तेव्हाही माहीत होतं.