आबा बोलता बोलता थांबले

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी म्हसावदच्या बाजारात मिशी पांढरी झालेली माणसं त्यांना बघून हातातली बिडी मागे लपवतात. गावाची पोरं मी घडवली आणि घरचंच एक निसटलं, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. ते एक म्हणजे माझा नवरा. बारावीला अडकला, आयटीआय अर्धवट सोडली, साखर कारखान्यात एक हंगाम काढला, मग मोबाइलचं दुकान, आता भाड्याचा ट्रॅक्टर. व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही. पण हाती घेतलेलं काम शेवटाला जात नाही.

आमची मुलगी तिसरीत गेली आणि शाळेतून तक्रारी यायला लागल्या. वहीत अर्धंच उतरवते, रांगेतून निघून जाते, प्रश्न संपायच्या आत उत्तर देते. घरी दूध आणायला पाठवली तर किटली कुणाच्या तरी ओट्यावर ठेवून शेळीच्या पिल्लांत रमलेली सापडायची. आबांनी तिचा अभ्यास स्वतःकडे घेतला. संध्याकाळी फूटपट्टी घेऊन बसायचे. पट्टीचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. "तुम्ही लाड करी ऱ्हायनात, म्हणीसन ती आशी शे," असं ते मला म्हणायचे.

शेवटी तिच्या वर्गशिक्षिकेनेच मला बाजूला घेऊन नंदुरबारच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. मुलांच्या मनाचं बघतात म्हणाल्या. बाईंनी दोनदा मुलीला तपासलं, शाळेकडून माहिती मागवली आणि सांगितलं, एडीएचडी आहे. पुढच्या वेळी घरातल्या मोठ्यांना घेऊन या.

नवरा आणि आबा दोघेही आले, पण आबा बाईंना समजावायला आले होते. इस्त्रीचं धोतर, टोपी, खिशाला पेन. मुलीला बाहेर खेळण्यांपाशी बसवलं. बाई सावकाश बोलत होत्या. हा हट्ट नाही, लाड नाहीत, वळण कमी पडलं असंही नाही. "आजोबा, तिला लक्ष नाही असं नाही. ते हवं तिथे धरून ठेवणं तिला जमत नाही. तिचा मेंदूच तसा चालतो." एका वेळी एकच काम सांगा, थोडं जमलं की लगेच शाबासकी द्या, मारू नका, मारानं फक्त भीती वाढते, असं बरंच त्या सांगत होत्या. आबा भिंतीकडे बघत होते. मग बाईंनी विचारलं, लहानपणी घरात आणखी कुणी असं होतं का?

माझ्या नवऱ्यानं हसून हात वर केला. शाळेत करतात तसा.

आबांना तेवढंच हवं होतं. त्याच्या लहानपणीच्या गोष्टी ते लग्नाकार्यात रंगवून सांगायचे आणि माणसं हसून लोळायची. इथंही त्यांनी सुरुवात केली. दळणाला पाठवला तर डबा गिरणीवर विसरून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. दहावीच्या पेपराला गेला आणि हॉल तिकीट घरी. आणि एकदा तर गणितं करत नाही म्हणून म्हशीच्या दाव्यानं लिंबाला बांधला, दुपारभर...

तिथे ते थांबले. बाई लिहीत होत्या, त्यांनीही पेन खाली ठेवलं. नवरा खाली फरशीकडे बघत होता.

आबा हळू आवाजात म्हणाले, "तो म्हणत होता, आबा, मी करायला बसतो, पण होत नाही. मला वाटलं, खोटं बोलतो."

 परतताना गाडीत मुलगी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत होती.

त्यानंतर आबांनी पट्टी हातात घेतली नाही. मुलीला ते एक गणित देतात, ते झालं की अंगणाला एक फेरी मारून यायला सांगतात, मग दुसरं. बाईंनी काय काय सांगितलं ते मला पुन्हा पुन्हा विचारून घेतात. शाळेतही स्वतः गेले, तिला पुढच्या बाकावर बसवून आले. ती अजूनही विसरते, अजूनही वर्गात बोलते. पण पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायची, ते बंद झालं.

मुलाशी बोलायला मात्र त्यांना फार दिवस लागले. एका सकाळी तो ट्रॅक्टरला डिझेल घालत होता. आबा जवळ जाऊन उभे राहिले.

"माले समजनं नही," ते म्हणाले. "मी तुले भलता मारं."

नवऱ्यानं कॅन खाली ठेवला नाही. "जाऊ द्या आबा. व्हयनं ते व्हयनं."

आबा थोडा वेळ तिथेच घुटमळले, मग मळ्याकडे निघून गेले. आता ते त्याचं कौतुक करायला बघतात. गोठ्याचं दार लावलंस, बरं केलंस, असं चाळिशीच्या माणसाला म्हणतात. तो अवघडतो आणि काहीतरी काम काढून उठतो. आबांचा चेहरा तेव्हा बघवत नाही.

बाईंनी नवऱ्यालाही सांगितलं होतं, मोठ्यांचीही तपासणी होते, या एकदा. मी दोन-तीनदा विषय काढला. गेल्या आठवड्यात मुलीच्या वह्यांना कव्हर घालता घालता तो म्हणाला, "आते तपासीसन काय करू? तवय कोणी सांगतं तर..."

हातातली वही त्यानं खाली ठेवली. अर्ध्या वह्यांना कव्हर घालून झालं होतं. उरलेल्या मी ओढून घेतल्या.