न मागितलेले आकडे

आमच्या पॉलिटेक्निकमध्ये तेव्हा एकच संगणक होता. त्याच्या खोलीत चप्पल बाहेर काढून जायचं. सर सगळ्यांना एकच बजावायचे, "छपाईचा कागद मुंबईहून येतो. लागेल तेवढंच मागा." मला ते लगेच पटलं. दुसऱ्याच्या घरी जेवताना भात पुन्हा मागायचा नाही, असंच आम्हाला शिकवलेलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे मी पाणीसुद्धा विचारून प्यायचे.

माझा प्रोजेक्ट होता बोटीवरच्या बॅटरीवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा. वडील मच्छीमार बोटीवर खलाशी होते. बॅटरी उतरत गेली की बोटीवरच्या रेडिओचा आवाज फाटतो, हे त्यांच्याकडूनच ऐकलेलं. तो नेमका कुठे आणि कशामुळे फाटतो, ते मला शोधायचं होतं. लागणारे भाग रत्नागिरीत मिळेनात, म्हणून सगळं काम संगणकावरच करायची परवानगी मिळाली होती. फर्स्ट क्लास आला तरच डिग्रीला जायचं, असं घरी ठरलं होतं, आणि तो या प्रोजेक्टवर अडला होता.

माझी पाळी आली. बारा व्होल्टपासून थोडं थोडं उतरत संगणकाने प्रत्येक पायरीचं गणित केलं. मी मागितलं होतं फक्त शेवटचं आउटपुट. ते छापून आलं, मी आलेख काढला. आठ व्होल्टच्या आसपास रेघ धाडकन खाली येत होती. मला फार आनंद झाला.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरांनी तो आलेख पाहिला. "छान. पण तीन ट्रान्झिस्टरांपैकी आधी कोणता बिघडला?"

"म्हणजे, सर?"

"प्रत्येकाचा ऑपरेटिंग पॉइंट कुठंय? आवाज नसताना त्याच्यातून किती करंट जातो, त्याच्यावर किती व्होल्ट पडतात, ते. बाहेरून येणारे परीक्षक हेच विचारणार."

मी कागद चाळले. ते आकडे फक्त बारा व्होल्टचे होते, सुरुवातीलाच एकदा छापलेले. मी म्हटलं, "संगणकात असतील ना, सर? त्याने काढले तर असणारच."

"काढले असतील. पण आधी मागितलं नाही तर तो ठेवत नाही. पुढच्या पायरीला गेला की मागचं गेलं." मग त्यांनी खोलीच्या कुलपाकडे पाहिलं. संगणकाचा स्टॅबिलायझर जळला होता. दुरुस्तीवाला पुण्याहून यायचा होता आणि तो कधी येईल, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी हाताने गणित करून पाहिलं. पण ते तिन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना असे बांधलेले, की एकाचा आकडा जरा हलवला की दोघांचे बदलायचे. वही भरत गेली. दर वेळी उत्तर वेगळं यायचं.

आई मासे विकून आली, तर मी तशीच बसलेली.

"काय गो, तोंड का पाडलंस?"

मी जमेल तसं सांगितलं.

"यंत्राने गणित केलान ना? मग सांगत का नाय?"

"मी तेव्हा विचारलं नाही, आये."

"मग आता विचार."

"बंद पडलंय ते."

ती म्हणाली, "सरांना पापलेटं देऊ काय? ताजी हायत."

"आये, नको गो! सर शाकाहारी आहेत."

"मग काय देऊ?" तिने खरंच विचारलं. मी पुन्हा वही उघडली.

परीक्षक शांत गृहस्थ होते. आलेखावर बोट ठेवून त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "दुसरा."

"कशावरून?"

"मला तसं वाटतं, सर."

"वाटतं की माहीत आहे?"

स्टॅबिलायझरचं सांगावं, असं मनात आलं. पण तो जळण्याआधी माझी पाळी होऊन गेली होती. "वाटतं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

दोन दिवसांनी दुरुस्तीवाला आला. सरांनी मला स्वतःहून बोलावलं. या वेळी मी प्रत्येक ट्रान्झिस्टरचे आकडे आधीच मागून ठेवले. प्रिंटर करकरत राहिला आणि रकाने छापून बाहेर आले. पहिला ठीक होता. दुसरा अगदी शेवटपर्यंत ठीक होता. तिसरा मात्र बॅटरी नऊ व्होल्टवर येण्याआधीच बिघडायला लागला होता. तेवढ्या एका ओळीत सगळं होतं.

"गुणांचा लखोटा गेला का, सर?"

"परवाच गेला."

ते पान मी घरी आणलं. आईने ते उलटं धरून पाहिलं आणि म्हणाली, "बघ, सांगितलान शेवटी. आता होईल ना गो पहिला वर्ग?"

मी तिच्या हातातलं पान सरळ केलं. तिसरा रकाना कोणता, ते तिला दाखवत बसले.