पत्र्याखाली त्रेचाळीस कार्डं

जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर आधी लानताईला विचारा, असं तैपेईतल्या ग्वांगहुआ बाजारात कुणीही सांगायचं. पूर्ण नाव फंग छ्यूलान, पण एवढं नाव घ्यायला बाजारात वेळ कुणाला आहे. वय एकोणसाठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ अशी की नवखं गिऱ्हाईक दोन पावलं मागंच उभं राहायचं.

बावीस वर्षं तिनं कारखान्यात काढली. पट्ट्यावरून आलेलं कार्ड लावायचं, चालवायचं, पास की नापास ते ठरवायचं. कारखाना समुद्रापलीकडं गेला, ही इथंच राहिली, आणि बाजारामागच्या गल्लीत तिनं दुरुस्तीचं दुकान थाटलं. नव्या कार्डांची परीक्षा घेऊन व्हिडिओ टाकणारे पायलीचे पन्नास. पण सहा वर्षं कुणीतरी दामटलेलं कार्ड आज घ्यावं का, हे सांगायला कुणी नव्हतं, आणि खरी गरज तर त्यांनाच, ज्यांना नवं परवडत नाही. मग नवरा आकुन फोन धरून उभा राहायचा आणि ही कार्ड लावून बसायची. संगणकाचं साधं घरगुती कॅबिनेट, झाकण बंद, एकच गेम सलग तीन तास. शेवटी सांगायची, घ्या, नाहीतर घेऊ नका.

"लोकांना आकडे आवडतात गं," आकुन म्हणायचा. "थोडे तक्ते दाखव."

"तक्ते काय चाटायचेत? घ्यायचं की नाही, एवढंच विचारायला येतो माणूस."

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या उकाड्यात, त्या गल्लीतल्या दुकानात ती कार्ड तपासता तपासता खाली कोसळली. रक्तदाब. डॉक्टरनं सांगितलं ते हिनं ऐकलं नसतंच, पण आकुननं ऐकलं. आठ दिवसांत त्यानं गल्लीतलं दुकान सोडलं आणि बाजाराच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, गाळा घेतला. तिथला एसी असा की लानताई जुलैतसुद्धा स्वेटर घालायची. दोन महिने नवऱ्याशी धड बोलली नाही, मग रुळली. म्हातारपणी सुख कुणाला नको असतं?

त्या गाळ्यात बसून तिनं त्रेचाळीस प्रकारच्या कार्डांना 'घ्या' म्हटलं होतं. त्यातलं एक तिच्या खास मायेचं. तिच्याच कारखान्यातलं, सहा वर्षांपूर्वी पट्ट्यावर तिच्याच हाताखालून गेलेलं. दोन काळे पंखे म्हणून बाजारात त्याला काळं दुपंखी म्हणत. त्याच्या व्हिडिओत ती म्हणाली होती, "हे डोळे मिटून घ्या." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. लोकांनी ऐकलं आणि समोरच्या गाळ्यावाल्यानं साठ नग एका रकमेत उचलून ठेवले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ आले. सदुसष्ट वर्षांचे, पांढरी बनियन इस्त्री केलेल्या शर्टाखाली नीट खोचलेली, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काळं दुपंखी. नाव को जिनश्वेई.

"लानताई, याचा पंखा नुसता साफ करून मिळेल का?"

लानताईनं कार्ड लावलं. पडद्यावर हिरव्या-जांभळ्या रेघा आल्या आणि मग त्याही गेल्या.

"हे मेलंय. पंख्याचं काय घेऊन बसलात?"

"मेलंय ते ठाऊक आहे मला," को म्हणाले. "म्हटलं एकदम कसं सांगावं. तुम्ही घ्या म्हणाला होतात ना."

ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. लानताईला अशांचा राग यायचा. आणि पहिला राग आला की ती चूक समोरच्याची काढायची, ही तिची जुनी खोड.

"धूळ किती साठू दिलीत?"

"दर रविवारी ब्रशनं काढतो."

"पॉवर सप्लाय कुठला? रस्त्यावरचा?"

"तुम्ही व्हिडिओत दाखवला तोच."

"कॅबिनेटवर पुडी ठेवलीत का?"

यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर नारळी चवीच्या खाऊची पुडी ठेवायची, हिरवीच, आणि तारीख संपलेली चालत नाही, अशी तिकडची समजूत. बँकेत ठेवतात, दवाखान्यात ठेवतात, लानताईच्या गाळ्यातही होती.

"हिरवीच आहे. नोव्हेंबरपर्यंतची," को म्हणाले.

आता बोट दाखवायला जागाच उरली नाही. को मात्र शांतपणे म्हणाले, "एकतीस वर्षं बस चालवली ताई. इंजिन उकळायला लागलं की मला आधी वास येतो. हे उकळून गेलंय. तेव्हा एकोणचाळीस अंश होतं."

"रस्त्यावर?"

"घरात. सानछोंगला, पाचव्या मजल्याच्या वर गच्चीत खोली आहे माझी. वर पत्रा."

लानताईनं मान वर केली. डोक्यावर एसीची जाळी होती आणि गार वारा थेट मानेवर येत होता. जुनी कार्डं घेतं कोण? गच्चीवरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी पोरं, डबे पोचवणारे, पेन्शनवाले. ज्याच्या घरी एसी आहे तो नवंच घेतो. गल्लीतल्या दुकानात ती स्वतः भाजत होती, म्हणून तिचा शब्द खरा ठरत होता. इथं वर येऊन दोन वर्षं तिनं उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, आणि हे तिला एका बसवाल्यानं येऊन सांगावं लागलं.

"खेळता काय तुम्ही?" तिनं जरा खालच्या आवाजात विचारलं.

"मासे धरतो." को ओशाळले. "नातू व्हँकुव्हरला असतो, नऊ वर्षांचा. रविवारी सकाळी नऊला मी बसतो, तिकडं शनिवारची संध्याकाळ असते. गेममध्ये एकच होडी आहे आमची. आता दोन रविवार झाले, तो एकटाच बसतो म्हणे होडीत."

पुढचा शनिवार उजाडला तो छत्तीस अंश घेऊन. लानताई को यांच्या खोलीत कार्ड तपासायला निघाली, आणि आकुननं दारातच हात आडवा लावला.

"पाच मजले, लिफ्ट नाही, वर भट्टी. तू तिथं पडलीस तर तुला खाली कोण आणणार? मी? माझे गुडघे पाहिलेस का?"

"मला पडायचं असतं तर तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच पडले असते. कॅबिनेट उचल."

शेवटी कॅबिनेट को दादांनी उचललं. कुणाला दादा म्हणायचं ही लानताईची पद्धत नव्हती, पण तिसऱ्या मजल्यावर तिचा श्वास लागला तेव्हा ते तिच्यासाठी जिन्यात स्टूल टाकून थांबले, आणि तिच्या तोंडून ते आपोआप निघालं. खोली एवढीशी. खाट, टेबल, बसवरच्या पहिल्या दिवसाचा फोटो. पत्रा मधूनमधून कटकट वाजत होता. तापमानाच्या काट्यावर एक्केचाळीस.

तिच्या कपाटात दुसरं काळं दुपंखी होतं, चौथ्या मजल्यावर तीन तास पास झालेलं. ते तिनं बरोबर आणलं होतं; ते लावलं, गेम सुरू केला, आणि आकुननं तिला ओढून बाहेर जिन्याच्या सावलीत बसवलं, मानेवर ओला टॉवेल, हातात कोहळ्याचा गार चहा. आतून पंख्यांचा आवाज चढत गेला. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"परत लाव," लानताई म्हणाली.

दुसऱ्यांदा अडतीस मिनिटं टिकलं. तिसऱ्यांदा लावायला कुणी सांगितलं नाही.

को दादांनी मुगाची गोड पेज वाढली. "ताई, जाऊ द्या," ते म्हणाले. "कार्ड सहा वर्षं जुनं. माणूससुद्धा एवढ्या उकाड्यात टिकत नाही. तुमचं नाव मोठं आहे, उगाच लोकांना कशाला सांगत बसता?"

"तेच म्हणतो मी," आकुन म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण. आणि समोरचा साठ नग घेऊन बसलाय, तो उद्या आपल्याला चहा तरी विचारेल का? नवीन व्हिडिओ इथं करू, जुन्याचं नाव काढू नकोस."

लानताई पेज ढवळत बसली. खरं सांगायचं तर तिलाही तेच वाटत होतं. बावीस आणि वर ही सगळी वर्षं मिळून तिनं कमावलं काय, तर तिनं पास म्हटलं की माणूस पाकिटात हात घालतो, एवढंच. ते गेलं की ती एक चिडकी म्हातारी. पण चौथ्या मजल्यावर पास झालेली आणखी बेचाळीस कार्डं होती, आणि ती कुणाकुणाच्या पत्र्याखाली चालू होती कोण जाणे.

"फोन धर," ती आकुनला म्हणाली.

"केस तरी नीट कर."

"असू दे."

तो व्हिडिओ चार मिनिटांचाच आहे. चष्म्यावर घाम, मागं पत्रा. ती म्हणते, "मी फंग छ्यूलान. हे कार्ड मी डोळे मिटून घ्या म्हणाले. मी एसीखाली बसून म्हणाले, आणि तुम्ही उन्हात घेतलंत. इथं हे सत्तेचाळीस मिनिटं चाललं. तुमच्या डोक्यावर पत्रा असेल तर हे घेऊ नका. हे मी स्वतः कारखान्यात..." इथं ती रडली, चक्क रडली, आणि आकुननं फोन खाली केला नाही. मग नाक पुसून म्हणाली, "बाकी बेचाळीस मी परत तपासते. तोवर माझं ऐकू नका."

व्हायचं तेच झालं. समोरच्या गाळ्यावाल्यानं तिच्याकडं पाठ करून बसायला सुरुवात केली. व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलं, कुणी म्हणे हिनं पैसे खाल्ले होते, कुणी म्हणे म्हातारी आता रिटायर हो. अकरा जण मेलेली कार्डं घेऊन आले. लानताईनं जेवढी जमतील तेवढी दुरुस्त केली, उरलेल्यांना बदली दिली, आणि आकुननं एकेक बदली वहीत लिहून घेतली. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तपासायची जागा मात्र को दादांचीच खोली ठरली. भाडं घ्यायला ते तयार होईनात. शेवटी असं ठरलं की कॅबिनेट तिथंच राहील, आणि तपासणी म्हणजे तरी काय, उकाड्यात तीन तास गेम खेळणं. तो को दादांनी आणि पिनरुईनं, म्हणजे नातवानं, रविवारी सकाळी खेळायचा. दर रविवारी वेगळं जुनं कार्ड. बाकी दिवशी लानताईला शक्य होईल तसं.

तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, रविवारी नऊला आजोबा-नातू होडीत बसायचे आणि लानताई जिन्यात टॉवेल घेऊन. कार्ड गेलं की पडदा काळा व्हायचा, आतून को दादांचा आवाज यायचा, "गेलं ताई, बावन्न मिनिटं." कॅबिनेट गार व्हायला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात ते फोन लावायचे.

"आबा, परत मेलं का?" पोरगं खिदळायचं.

"मेलं. तू काय जेवलास?"

मग पुढचा अर्धा तास चालायचं. पुढचा दात हलतोय, वर्गात एक कोरियन मुलगा आहे तो चांगला आहे, बाबा उशिरा येतो, बाबा चिडतो. को दादा विचारायचे, आई तैपेईला परत जाऊ म्हणते का? नाही म्हणत. आबा, तुमच्या बसला कधी अपघात झाला होता? एकदा झाला होता, सांगतो. लानताई जिन्यात बसून सगळं ऐकायची आणि आपण ऐकत नाही असं दाखवायची.

त्रेचाळिसांतली एकोणीस नापास झाली. त्यांची नावं तिनं एकेक करून व्हिडिओत वाचली, किती मिनिटं टिकलं त्यासकट. शिव्या हळूहळू कमी झाल्या. सप्टेंबरअखेरीस एक साधं, एका पंख्याचं, कुणी ढुंकून पाहत नसलेलं कार्ड लागलं. बाहेर पस्तीस, आत चाळीस. नऊचे दहा झाले, अकरा झाले. पडदा हलला नाही. बारा वाजले तेव्हा लानताई उठून दारात आली. सबंध उन्हाळ्यात रविवारच्या खेळात पहिल्यांदा कुठलंसं कार्ड इतकं गुण्यागोविंदानं चाललं होतं, आणि तिला वाटलं, चला, आपला शब्द अजून जिवंत आहे.

"को दादा, हे तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. "आता काही पडदा काळा होत नाही तुमचा."

को दादांनी कानावरचे हेडफोन काढले. तीन तासांत ते आणि पिनरुई मिळून पाच-सहा वाक्यं बोलले होते. डावीकडं टाक. मोठा आहे. सुटला. मग झोपायला हाक आली म्हणून पोरगं निघून गेलं होतं.

"कार्ड छान आहे," ते म्हणाले. त्यांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "ताई, पुढच्या रविवारी एखादं नापास आणाल का?"

"अहो, फोन काय, कार्ड चालू असतानाही करता येतो."

"करता येतो," को दादा म्हणाले. "पण मग तो होडी सोडून फोन कशाला उचलेल?"

त्या दिवशी कॅमेऱ्यापुढं लानताईनं त्या एका पंख्याच्या कार्डाला 'घ्या' म्हटलं. आणि पुढच्या रविवारी नापासांच्या पेटीतलं एक कार्ड पिशवीत टाकून, आकुनची बोलणी खात, ती पाच मजले चढून गेली.