सांडवा कापला त्या वर्षी

राज्य नवं झालं तेव्हा रायपूरच्या पेंटरांना उसंत नव्हती. प्रत्येक सरकारी पाटीवरचं जुन्या राज्याचं नाव पुसून छत्तीसगड लिहायचं होतं. आमच्या सिंचन कार्यालयाची पाटी रंगवून झाली, भोपाळहून कपाटं आली, आणि साहेब लोकांची धावपळ सुरू झाली ती राजधानीची कामं आपल्याकडे यावीत म्हणून. मी सब-इंजिनियर होते आणि आमच्या कार्यालयात एकटीच बाई. माझ्या वाट्याला खेड्यांमधले लहान मातीचे बांध आले. ते कोणालाच नको होते. त्यांचं उद्घाटन होत नाही, आणि फुटेपर्यंत त्यांची आठवण कोणाला होत नाही.

मी मात्र खूश होते. पुरानी बस्तीतल्या घरातून सकाळी मोपेड काढायची आणि शहर मागे टाकून धानाच्या शेतांमधून जायचं, हे मला त्या कपाटांमध्ये बसण्यापेक्षा बरं वाटायचं.

त्या बांधांपैकी एकाने मला पहिल्याच उन्हाळ्यात काळजीत टाकलं. गावाच्या वरच्या अंगाला नाला अडवून तो बांधला होता. त्याआधी मोठा पाऊस झाला की नाला गावातल्या खालच्या पाऱ्यात, म्हणजे खालच्या वस्तीत, शिरायचा. बांधाने पूर थोपवायचा आणि जास्तीचं पाणी कडेच्या सांडव्यातून हळूहळू सोडून द्यायचं, एवढीच त्याची रचना. पण वर्षं गेली, पूर विसरला गेला आणि साठलेलं पाणी आवडायला लागलं. गावातल्या बायकांचा एक समूह त्यात मासे पाळत होता. मासे वाहून जाऊ नयेत आणि पाणी खोल राहावं म्हणून त्यांनी सांडव्याच्या तोंडावर दगड आणि मातीचे बोरे, म्हणजे मातीने भरलेली पोती, रचून चांगली कमरेएवढी भिंत उभी केली होती. बांधाच्या पाठीवर बाभळी माजल्या होत्या. आणि पायथ्याशी एका जागी, आजूबाजूचं सगळं वाळून गेलेलं असताना, गवत हिरवं होतं.

समूहाची प्रमुख पन्नाशीची, उंच, सावकाश बोलणारी बाई होती. सगळे तिला दीदी म्हणत, मीही म्हणू लागले. ती छत्तीसगडी बोलायची. तिचं बोलणं मी माझ्या घरच्या मराठीत लिहिते आहे.

"दीदी, हे बोरे काढावे लागतील," मी म्हटलं.

"काहून? पाणी अडवायलेच बांधला ना हा?"

"पूर अडवायला बांधला. जास्तीचं पाणी सांडव्यातून गेलं नाही तर माथ्यावरून जाईल. आणि मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं की बांध राहत नाही."

"इतक्या वर्षांत गेलं का कधी?"

"नाही. एकदा गेलं की पुरे आहे."

तिने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. मी पुढच्या आठवड्यात परत गेले. त्याच्या पुढच्याही. तिच्या अंगणात बसून चहा प्यायचा आणि तेच बोलायचं. शेवटी माझ्या लक्षात आलं की मी मातीबद्दल बोलते आहे आणि ती माशांबद्दल. मग आम्ही माशांवर बोललो. सांडव्याच्या तोंडावर जाळी लावली तर तिच्यात काडीकचरा अडकतो आणि तिचीच भिंत होते, म्हणून जाळी आत पाण्यात, तोंडापासून लांब, बांबूंवर लावायची. आणि पूर आलाच तर दोर सोडून ती खाली पाडायची, असं ठरलं. रायपूरच्या गोल बाजारातून जाळी मी स्वतः तिच्याबरोबर जाऊन निवडली. बोरे निघाले. बायकांनीच काढले.

बाभळी आणि हिरव्या गवताचं काम मात्र माझ्या हातात नव्हतं. मी मोठ्या साहेबांना सांगितलं की तिथे बांध खोदून आत पाहायला हवं, पाणी कुठून तरी वाट काढतंय.

"मॅडम, थोडा पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो," ते म्हणाले. "पावसाळ्यानंतर बघू." ते वाईट नव्हते. त्यांच्यामागे राजधानीचं लचांड होतं.

श्रावणात पाऊस लागला तो उघडेचना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर आई दारात उभी.

"एवढ्या पाण्यात काहून जाऊन राहिली तू? ऑफिसात दुसरं कोणी नाही का?"

"आहे ना. पण तो बांध माह्याकडे आहे."

"मग छत्री नको नेऊ, रेनकोट घाल," ती म्हणाली आणि डबा हातात दिला.

मोपेड चालणार नव्हती. बस मिळाली तिथपर्यंत गेले, पुढे चालत. सांडवा पूर्ण भरून वाहत होता, जाळी खाली पाडलेली होती. मला बरं वाटलं. बोरे तिथेच असते तर एव्हाना पाणी माथ्यावरून गेलं असतं. पण मी पायथ्याशी गेले आणि हिरव्या गवताच्या जागी पाणी उकळल्यासारखं वर येताना दिसलं. डब्याचं झाकण काढून त्यात ते पाणी घेतलं. गढूळ होतं. नितळ पाझर असता तर मी त्याच्यावर नजर ठेवून थांबले असते. गढूळ पाण्याचा अर्थ एकच होता: बांध आतून खाल्ला जात होता.

मी कोटवाराला, म्हणजे गावच्या चौकीदाराला, सांगितलं की खालचा पारा रिकामा करून सगळ्यांना टेकाडावरच्या शाळेत न्या. त्याने विचारलं, साहेबांचा हुकूम आहे का? मी म्हटलं, माझा आहे. उरलेल्यांना घेऊन उकळत्या जागेवर आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर घातले, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. पाणी जरा निवळलं आणि पुन्हा गढूळ झालं. तलाव अजून चढत होता. पंचायतीचा फोन बंद पडला होता.

एकच उपाय उरला. सांडव्याच्या पलीकडच्या टोकाला, बांधापासून दूर, कडक मुरुमात चर कापायचा आणि तलावाची पातळी उतरवायची. पाणी जाईल, मासे जातील, आश्विनात पाऊस दगा देतो तेव्हा धानाला लागणारं पाणीही जाईल. आणि त्या चराच्या सरळ खाली दीदीचं शेत होतं. रोपणी नुकतीच झाली होती.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"माहं शेत जाईल," ती म्हणाली.

"हो, जाईल."

"आणि नाही कापलं तर?"

"कदाचित बांध टिकेल. मला नाही वाटत."

"नाही वाटत म्हणजे? तुले पक्कं माहीत आहे का?"

"नाही दीदी. पक्कं माहीत नाही. तरी मी कापणार आहे."

ती घराकडे निघून गेली. मी कुदळ मागितली आणि पहिला घाव स्वतः घातला, कारण दुसरं कोणी घालायला तयार नव्हतं. त्यानंतर चार पुरुष पुढे आले. मुरूम कठीण होता. पाणी वाहू लागलं तसा चराचा तळ खरवडला जाऊ नये म्हणून त्यात मोठे दगड टाकायचे होते, आणि दगड आणायला माणसं कमी पडत होती. तेव्हा दीदी परत आली. समूहातल्या सगळ्या बायका तिच्यामागे, प्रत्येकीच्या डोक्यावर दगडांची टोपली. तिने फक्त विचारलं, "कुठं टाकायचे?"

दिवस मावळायच्या आत तलाव उतरला. पायथ्याचं पाणी मंदावलं, मग नितळ झालं. बांध उभा राहिला. दीदीचं शेत वाळूखाली गेलं, शेजारच्याचंही. मासे तर नाल्याने केव्हाच पळाले होते.

महिन्याभरात मला नोटीस आली. परवानगी न घेता शासकीय बांधकाम तोडल्याबद्दल खुलासा मागितला होता. मोठे साहेब म्हणाले, "दोन ओळी माफीच्या लिहा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, माझं चुकलं असेल तर माफी मागते. आधी बांध उघडून बघू."

"आणि आत काही नाही निघालं तर?"

"तर जी शिक्षा द्याल ती घेईन. पण न बघता माफी मागितली, तर पुढच्या वेळी दुसरं कोणी कुदळ उचलणार नाही."

मी दर आठवड्याला त्यांच्या दारात उभी राहिले. तलाव आटल्यावर ते कंटाळून म्हणाले, चला. हिरव्या गवताच्या वर खोदत गेलो. कधी तरी तिथली मोठी बाभूळ कोणी तोडून नेली होती, खोड गेलं आणि मुळं आत कुजली होती. मुळाच्या जागी पोकळ नळी तयार झाली होती. साहेबांनी बाही वर केली आणि हात आत घातला. तो कोपरापर्यंत गेला. गाडीत बसताना म्हणाले, "बाकीच्या बांधांचीही पाहणी करा. सगळ्यांची. जीप घेऊन जात जा." नोटिशीबद्दल नंतर कोणी काही विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही तो भाग पार खणून काढला, चिकणमाती थराथराने पसरून पाणी मारून दाबली, बाभळी मुळासकट उपटल्या. शेतांमधली वाळू राहत कामात, म्हणजे सरकारी मदतकामात, काढून घेण्यासाठी मी तहसीलच्या इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला न विचारता खुर्ची द्यायला लागला. सगळी वाळू निघाली नाही. एका कोपऱ्यात अजूनही धान पिवळं पडतं.

नंतर मी बढती घेतली, नवा रायपूर या नव्या राजधानीच्या रुंद रस्त्यांवरच्या कार्यालयातही बसले. पण पावसाळ्याआधी त्या बांधावरून एकदा चालत जाणं मी सोडलं नाही. दीदी बरोबर यायची. एका वर्षी आम्ही सांडव्यापाशी थांबलो तेव्हा तिने सरळच विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर कापशील?"

"कापेन."

"हव," ती म्हणाली. "मग मले सकाळीच सांगजो. जमतील तितकी तरी रोपं मी वरच्या वावरात हलवीन."